उजवा कौल

बोट लांब खोल पाण्यात उभी होती आणि आम्ही पडावात बसलो होतो. रत्नागिरीच्या बंदरात तेव्हा आगबोट काठाला लागत नसे. पडावातून तिच्यापर्यंत जायचं, लाट पडावाला वर उचलेल तो क्षण गाठायचा आणि शिडी धरायची. मे महिना संपत आला होता. पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून कॉलेज जूनच्या अखेरीस उघडणार असलं तरी मुंबईला मे महिन्यातच जाऊन पडावं लागे. पडावात आंब्याच्या करंड्या होत्या, कुणाच्या तरी दोन शेळ्या होत्या, माझी वळकटी होती आणि माझे वडील होते. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. ते मला मुंबईपर्यंत पोचवायला येणार होते. आई बंदरावर आली नाही. आमचं गाव भाट्याच्या खाडीपलीकडे, ती तरीपर्यंत, खाडी ओलांडायच्या होडीपर्यंत आली, माझा पदर उगाचच सारखा केला आणि म्हणाली, "जेवताना लाजू नको गो." एवढंच. तर सुटली तेव्हा ती पाठ फिरवून घराकडे चालायलाही लागली होती. मला तिचा राग आला. बोटीची शिडी चढताना आप्पांनी मागून आधार दिला, तेव्हा वाटलं, या माणसाच्या भरवशावर आपण कुठंही जाऊ.

हे सगळं आता लिहायचं कारण म्हणजे माझा भाचा अरुण. धाकट्या भावाचा मुलगा. गावच्या मंडळाची स्मरणिका काढतो आहे. फोन करून म्हणाला, "आत्ये, गावाच्या गोड आठवणी लिही. तू काय, त्या काळातली पायोनियर." गोड आठवणी लिहिणारे गावात पुष्कळ आहेत. आंब्याचा मोहोर, फणसाचे गरे, शिमग्याची पालखी, सगळं येईलच त्या अंकात, आणि मुंबईला गेलेले लोक ते वाचून डोळे पुसतील. माझ्याकडे गोड जरा कमी आहे. जे आहे ते लिहिते. गावात राहिलेल्यांनीही वाचावं आणि माझ्यासारखं गाव सुटलेल्यांनीही.

आप्पा गावच्या शाळेत मास्तर. पावकी, निमकी, दिडकी मी अक्षरओळख व्हायच्या आधी पाठ म्हणायची, कारण संध्याकाळी ओटीवर बसून ते माझ्याकडून म्हणून घ्यायचे. गणित चुकलं तर रागवायचे नाहीत. प्रश्न न वाचता गणित सोडवलं तर मात्र छडी. "आधी प्रश्न नीट वाच. अर्धी चूक तिथंच असते." हे त्यांचं वाक्य आमच्या शाळेतल्या कुणालाही विचारा, अजून आठवत असेल. मॅट्रिकनंतर रत्नागिरीत मावशीकडे राहून मी इंटर सायन्स केलं. पुढे बी.एस्सी.ला गणित घ्यायचं तर मुंबईला जायला हवं होतं. गावात कुजबुज झाली. वयात आलेली पोर, मुंबई, हॉस्टेल. आप्पांनी कुणाला भीक घातली नाही.

आमच्याकडे विहीर खणायची असो, बैल विकायचा असो की मुलीचं लग्न ठरवायचं असो, ग्रामदेवाला कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. गुरव देवाच्या पाषाणाला दोन अंगांना ओल्या फुलांच्या पाकळ्या चिकटवतो आणि सगळ्यांच्या वतीनं गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवी पाकळी आधी गळली तर देव हो म्हणाला. डावी गळली तर नाही. आप्पा वर्तमानपत्र वाचणारे होते, तरी घराची जागा त्यांनी कौल लावूनच ठरवली होती. मला मुंबईला पाठवताना मात्र ते देवळाची पायरी चढले नाहीत. चुलत्यांनी विचारलं तेव्हा म्हणाले, "शिकायला देवाची परवानगी लागत नाही." हे मी माजघरातून ऐकलं. त्या वाक्यावर मी वर्षभर हवेत होते.

मुंबईत मुलींच्या हॉस्टेलवर पहिले काही महिने मी तोंड उघडायला घाबरायची. "बाईंनी सांगितलान" असं म्हटलं की पुण्याच्या मुली हसून लोळायच्या. माझा कोकणी हेल त्यांनी नकला करून करून माझ्याकडून काढून घेतला. दिवाळीपर्यंत मी त्यांच्यासारखी बोलायला लागले. नाताळात घरी गेले तर आई म्हणाली, "आता तू बुकातला बोलतंस." कौतुकानं म्हणाली की दुःखानं, तेव्हा कळलं नाही. हॉस्टेलच्या आमटीत कोकम नसे, भात मोजून वाढत, आणि मी जेवताना खरंच लाजायची. पण गणिताच्या वर्गात मला लाज वाटत नसे. तिथं कुणाच्या हेलाला किंमत नव्हती.

आमचे गणिताचे एक सर नुकतेच विलायतेहून आले होते. मद्रासकडचे, बुटके, भरभर बोलणारे. तिकडे विजेवर चालणारं गणनयंत्र त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तसंच एक यंत्र आपल्याकडे, मुंबईतच, बांधायला घेतल्याची बातमी त्यांच्याकडे होती. परीक्षेत या विषयाचा एक प्रश्नही येणार नव्हता. तरी तास संपल्यावर ते हौशी मुलांना थांबवून घ्यायचे. आता लोकांची मुलं रत्नागिरीतच कॉम्प्युटर सायन्स घेऊन पदवीधर होतात, घरोघरी यंत्र आहे. आमच्याकडे यंत्र नव्हतंच, म्हणून सरांनी आमचंच यंत्र केलं.

बाकांवर बसलेला एकेक विद्यार्थी म्हणजे एकेक घर. प्रत्येक घराला नंबर, आणि प्रत्येकाच्या हातात पाटी. पाटीवर एक आकडा. एक मुलगा फक्त बेरीज-वजाबाकी करणार, एक जण चिठ्ठ्या नेणार-आणणार. आणि फळ्यापाशी उभं राहून एकानं हुकूम वाचायचे: पाचव्या घरातला आकडा घे, सातव्यातला वजा कर, बाकी शून्याच्या खाली गेली तर अकराव्या हुकमावर जा. कुणीही आपली अक्कल चालवायची नाही, ही एकच अट. वर्गात मुली दोनच, मी आणि फिरोजा नावाची पारशी मुलगी. मुलं आधी आम्हाला चिठ्ठ्या न्यायचं काम द्यायची.

एकदा पाट्यांवरच्या आकड्यांतला सगळ्यात मोठा आकडा शोधायचा होता. यंत्र दर वेळी शेवटच्या घरातलाच आकडा सांगे. मुलं पाट्या तपासत बसली, एकमेकांवर खेकसली, बेरीजवाल्याला बदललं. मी फळ्यावरचे हुकूम पुन्हा वाचले. पाट्या ठीक होत्या. आम्ही 'मोठा कुठला' हा प्रश्न जुना आकडा पुसून नवा लिहून झाल्यावर विचारत होतो, आधी विचारायला हवा होता. मी तसं सांगितलं, दोन हुकूम उलटसुलट केले, यंत्र बरोबर चाललं. सर माझ्याकडे बघून म्हणाले की यंत्र कधी खोटं बोलत नाही, विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतं. विचारणाऱ्याकडे लक्ष ठेवावं लागतं. त्या दिवसापासून हुकूम वाचायला मी उभी राहायची. एवढी सुखी मी आयुष्यात पुन्हा कधी झाले नाही, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. लग्न झालं, मुलं झाली, नातवंडं झाली, तरी नाही.

वर्षाच्या शेवटी सरांनी फिरोजाला, मला आणि दोन मुलांना बोलावून सांगितलं. यंत्र उभं राहिलं की त्यावर काम करायला माणसं लागतील, आणि त्यांनी आमची नावं सांगून ठेवली होती. फक्त पदवी हवी, ती नसली तर आपला शब्द तिथं चालणार नाही. माझं एकच वर्ष उरलं होतं. त्या एका वर्षावर माझं सगळं टांगलेलं होतं, आणि मला त्याची काळजीसुद्धा वाटली नाही. काळजी कसली? आप्पा होते.

सुट्टीत घरी आले तर संगमेश्वरहून स्थळ आलेलं. मुलगा ओव्हरसियर, कोयनेच्या प्रकल्पात नोकरी, माणसं भली, हुंडा नको म्हणणारी. पण मुलाच्या आजीला डोळे मिटायच्या आत नातसून हवी होती आणि लग्न याच मे महिन्यात व्हायला हवं होतं. पुढचं शिक्षण बंद, असं कुणी म्हटलं नव्हतं. ते न म्हणताच सगळ्यांना माहीत होतं. मी आप्पांना सरांचं बोलणं सांगितलं. पाट्या, चिठ्ठ्या, यंत्र, सगळं. ते लक्ष देऊन ऐकत होते, मध्येच दोन प्रश्नही विचारले. मग म्हणाले, "देवाला विचारू. कुसुमनं पदवी घ्यावी का, असं विचारू. उजवा दिला तर संगमेश्वरकरांना मी नाही म्हणून सांगतो." शिकायला देवाची परवानगी लागत नाही, या त्यांच्या वाक्याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. चुलत्यांपुढं त्यांना देवाचा आधार हवा असेल, असं मीच मनाशी समजून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही देवळात गेलो. आप्पा, चुलते, चार गावकरी पुढे, मी आणि आई मागे खांबापाशी. गुरवानं पाकळ्या लावल्या. आप्पांनी त्याच्या कानाशी काहीतरी सांगितलं आणि गुरवानं गाऱ्हाणं घातलं. "बा देवा महाराजा, ह्या घरच्या लेकीचा लगीन ह्या साली करायचा हाय. तुजी मर्जी आसंल तर उजवा दे." मला वाटलं, चुकून म्हणाला. आप्पा त्याला थांबवतील. आप्पा हात जोडून उभे होते. बराच वेळ काही झालं नाही, मग उजवी पाकळी सुटून खाली पडली. चुलते म्हणाले, झालं, देवानंच सोडवलं.

देवळाच्या बाहेर मी आप्पांना गाठलं. म्हटलं, "आप्पा, प्रश्न चुकला. लग्नाचं विचारलंत, पदवीचं कुठं विचारलंत? दोन्हीला हो असू शकतं. पदवीचं पुन्हा विचारा." ते माझ्याकडे न बघता वहाणा घालत होते. म्हणाले, "देवाला दोनदा विचारत नाहीत." मी आईकडे बघितलं. ती नारळाची शकलं पदरात बांधत होती.

मी गुरवाकडेही गेले, एकटी. त्याला म्हटलं, मी विचारते, तू पाकळ्या लाव. तो बिचारा गडबडला. "नको गो बाय. आप्पांनी इचारलानी, देवान दिलान. आता परत कसा लावू?" मग मात्र मी हरले. पळून जाणाऱ्या मुली गोष्टींत असतात. मी जाऊन जाऊन कुठं गेले असते? बोट गाठायची तरी खाडी आप्पांच्या ओळखीच्या तरीतूनच ओलांडायची होती. माझ्या हळदीच्या दिवशी हंगामातली शेवटची बोट गेली. तिचा भोंगा आमच्या गावापर्यंत ऐकू यायचा. बायका गाणी म्हणत होत्या, आणि भोंगा झाल्यावर मी रडले तर त्या म्हणाल्या, नवरी रडायचीच.

पुढं पोफळीला क्वार्टर मिळालं. नवी वसाहत, डोंगर पोखरायचं काम चाललेलं, सुरुंगाचा सायरन झाला की फडताळातली भांडी थरथरायची. शेजारी कानडी, मद्रासी, पंजाबी. शिफ्ट, साइट, टनेल, रोलर हे शब्द मी तिथं शिकले. आमचे हे माणूस म्हणून वाईट नव्हते, हे मी आजही सांगेन. मी एकदा विचारलं, एका वर्षासाठी मुंबईला जाऊ का? म्हणाले, बघू. ते 'बघू' त्यांच्या रिटायरमेंटपर्यंत चाललं. एके दुपारी मी जमिनीवर वाट्या मांडल्या, वाट्यांत चिंचोके टाकले आणि एकटीच हुकूम वाचत वाट्यावाट्यांतून चिंचोके हलवत बसले. मीच घरं, मीच चिठ्ठी, मीच बेरीज. हे शिफ्टवरून आले, हसले, म्हणाले, "सागरगोट्यांना कुणी मिळालं नाही वाटतं?" आणि पाणी प्यायला त्यातलीच एक वाटी उचलून चिंचोके माझ्या ओंजळीत ओतले. त्यानंतर मी वाट्या कधी मांडल्या नाहीत. वसाहतीतल्या मुलांना फुकट गणित शिकवलं. त्यांतले काही मोठे इंजिनिअर झाले, आणि दिवाळीला मला शुभेच्छा पाठवतात.

फिरोजा त्या यंत्रावर लागली. मुंबईला एका लग्नात भेटली तेव्हा तिनं मला घट्ट धरलं आणि म्हणाली, चल, उद्या दाखवते, अख्खी खोली भरून आहे. मी म्हटलं, मुलाला ताप आहे. मुलगा शेजारीच मांडवात धावत होता. तिनं त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा विचारलं नाही.

आप्पा गेले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. तोवर मी त्यांना माफ केलं होतं, असं म्हणायला हरकत नाही. प्रश्न चुकीचा विचारला, बायकोच्या, भावांच्या, गावाच्या दबावाखाली विचारला, पण उत्तर देवाचं होतं, असं मी स्वतःची समजूत घालत असे. माझा देवावर विश्वास नाही, तरी त्या समजुतीचा उपयोग होत होता. कुणाचीच चूक नाही, पाकळी पडली.

तेराव्यानंतर आई आणि मी माजघरात फणसाच्या आठळ्या सोलत बसलो होतो. पाहुणे गेले होते. आई वर न बघता म्हणाली, "तुला देवान उजवा दिलान होता."

मी म्हटलं, लग्नाचा ना, माहीत आहे.

"लग्नाचा नाय. शिक्षणाचा. आदल्या सांजेक आम्ही दोघां गेलो होतो, गुरव सोडून कोण नसताना. तुज्या पदवीचा इचारलानी त्यांनी. लगेच गळली गो उजवी, लावल्या लावल्या." मग पुढची आठळी उचलत म्हणाली, "घराकडे येईस्तोवर बोलले नाय. मग म्हणाले, उद्या लग्नाचा इचारूया."

मी विचारलं, "आणि तू खांबापाशी गप्प उभी राहिलीस?"

"तू परत आली नसतीस," आई म्हणाली. "मुंबयची झाली असतीस. संगमेसर काय, हाकेच्या अंतरावर. सणासुदीला येशील, बाळंतपणाला येशील, असा वाटला आमाला. त्यांनी वायट म्हणून नाय केलानी."

देव देतो आणि कर्म नेतं, अशी म्हण आहे. आमच्याकडे देवानं दिलं आणि आप्पांनी नेलं, कर्माला उगाच बोल कशाला लावायचा? देवाला दोनदा विचारत नाहीत म्हणून मला सांगणाऱ्या माणसानं स्वतः आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलं होतं. आयुष्यभर पोरांना 'आधी प्रश्न नीट वाच' म्हणून छड्या मारल्या, आणि मनासारखं उत्तर आलं नाही तेव्हा प्रश्नच बदलला. डावी पाकळी गळली असती तर मी रडले असते आणि विसरले असते. आज त्यांच्या फोटोला हार घालताना माझा हात जड होतो, आणि त्याची मला खंत नाही.

मी उठून हात धुतले. दुसऱ्या दिवशीची एसटी पकडली. आई आणखी बरीच वर्षं होती. मी वर्षाकाठी एकदा जायची, तिला औषधं, लुगडी न्यायची, तिच्याशी बोलायची. पण ओटीवर बसायची. पाणी मागून प्यायची. माहेरवाशीण सरळ चुलीपर्यंत जाते, झाकणं उघडून बघते, काय केलंयस म्हणून विचारते. मला ते जमेना. ती आतून तांब्या घेऊन यायची, पाहुण्याला देतात तशी गुळाची वाटी पुढं करायची आणि दारात उभी राहायची. एकदा म्हणाली, "आत ये गो." मी म्हटलं, इथं वारा आहे. मी जवळ राहावं म्हणून त्यांनी एवढं केलं, आणि त्यापायी मी दाराच्या बाहेर राहिले. आई त्या दारातच म्हातारी झाली, आणि मी ते बघितलं, आणि तरी आत गेले नाही.

अरुण, तू परवा कार्यक्रमपत्रिका पाठवलीस. माझ्या नावापुढं बी.एस्सी. छापलं आहेस, खाली 'गावातील पहिल्या पदवीधर महिला', आणि शाल-श्रीफळ. तुला कुणी सांगितलं, मला माहीत आहे. आप्पा पुढं पुढं लोकांना तसंच सांगत असत, आणि गावानं ते खरं धरलं. ते काढून टाक. मी पदवीधर नाही. माझी एक परीक्षा राहिली आहे आणि ती आता होणार नाही.

घर म्हणजे तुमच्यासाठी काय, असा प्रश्न तुम्ही सगळ्यांना पाठवला आहे. मुंबईकर काय लिहितील ते लिहोत. मला विचाराल तर ज्या माणसांनी माझ्यावर सगळ्यात जास्त माया केली आणि ज्यांनी मला सगळ्यात मोठं फसवलं, ती एकाच छपराखाली राहत होती, एकाच ताटात जेवत होती, आणि ती दोन वेगळी माणसं नव्हती. मी समारंभाला येणार नाही. माझ्या नावाखाली काही छापल्याशिवाय पान रिकामं दिसत असेल तर एवढंच छाप, की हिला देवानं हो म्हटलं होतं, घरानं नाही म्हटलं.